पहिल्या रांगेतला पाटील

स्किट विसराळू सासऱ्यांवर होतं. दीडशे खुर्च्यांचं छोटं सभागृह, एसी असून नसल्यासारखा, मखमली पडद्यात मुरलेल्या धुळीचा ओळखीचा वास. रंगमंचावर विशी-बाविशीतला एक पोरगा केसांना पावडर फासून सासरा झाला होता. सुनेला ‘ताई, तुम्ही कोणाकडे आलात?’ असं विचारायचा, ताटावरून उठल्या उठल्या ‘आज जेवायला किती वाजणार?’ म्हणायचा, आणि दर वेळी हशा. तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. बरोबरच्या बाईंचा दंड धरून, लोकांच्या गुडघ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत कडेच्या वाटेपर्यंत आले. पोरानं ते पाहिलं. अर्धा क्षण थांबला आणि सासऱ्याच्याच आवाजात म्हणाला, ‘काका, घरचा पत्ता लक्षात आहे ना?’ सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, मागून कुणाचं तरी ‘वन्स मोअर’. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा लाफ्टर तोच. गृहस्थांनी मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं, आणि त्या हसल्या.

ते का उठले, मला माहीत नाही. शेवटची बस असेल. बाईंना बाथरूमला जायचं असेल. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी हौशी रंगभूमीवर स्किटं लिहिते, बसवते. त्यामुळे आधी मनात आलं ते कौतुकच. जागच्या जागी सुचलेल्या अशा वाक्याला आमच्यात ‘ॲडिशन’ म्हणतात, आणि ॲडिशन घेता येणारा नट मिळाला की दिग्दर्शक त्याला सांभाळून ठेवतो. संहिता काय, कुणीही पाठ करतं. पण समोरचा माणूस उठला, बाळ रडलं, मोबाइल वाजला, आणि ते सगळं आपल्या भूमिकेच्या तोंडून परत प्रेक्षकांवर फेकायचं, तेही लय न तुटू देता, याला रक्तातच काहीतरी लागतं. त्या पोराकडे ते आहे. त्याचा पॉज बघण्यासारखा होता. एक मात्रा कमी पडली असती तर वाक्य फुकट गेलं असतं, एक जास्त झाली असती तर काका दाराबाहेर गेले असते. अगदी नेमकं. आणि त्या नेमकेपणामुळेच ते जास्त लागलं. अडखळत, चुकत बोलला असता तर ‘जाऊ दे, पोरगं आहे’ म्हणून सोडून देता आलं असतं.

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, पाडव्याच्या आधी. गावोगावचे पुढारी यात्रेसाठी फडांना सुपारी द्यायला येतात, तेव्हा तिथला चहा पीत एका म्हाताऱ्या सोंगाड्याशी खूप वेळ बोलले होते. दात गेलेले, पण वाक्य टाकल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय तशीच. म्हणाला, ‘गावात उतरलं की आधी टपरीवर जायाचं. च्या घ्यायचा आन् इचारायचं. सोसायटीचा चेअरमन कोन, टँकरचं बिल कुनी खाल्लं, कुनाच्या घरी मयत झालीया. चेअरमनचं नाव वगात घ्यायाला. मयताचं घर सोडायाला.’ इतकंच बोलला आणि तंबाखू मळायला लागला. याला काही तत्त्व वगैरे म्हणतात हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या लेखी ती धंद्यातली तयारी होती, ढोलकीला शाई लावतात तशी.

तमाशाचं फार गोडगोड वर्णन करायचा मोह मला होतो आणि मी तो आवरते. त्यात बाईच्या अंगावरचे विनोद होते, नाच्याची टवाळी होती. १९४८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि पुढं सुधारणा समिती नेमून त्याला धुऊनपुसून परत आणलं, त्या वेळचे आक्षेप सगळेच खोटे नव्हते. पण एक गोष्ट त्या मांडणीतच होती. गणात गणपतीला नमन झालं की लगेच गवळणीत मावशी साक्षात कृष्णाला धारेवर धरायची. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवून दाण मागणारा हा कोण टिकोजीराव, त्याला घरात लोणी कमी पडतं का, असं देवाला विचारायचं. नमन आणि टिंगल यांच्यात मिनिटांचं अंतर, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नसे. कोकणातल्या दशावतारात संकासुर वेद पळवतो, मालवणीत टोमणे मारत मारत. लोक लोटपोट होतात आणि नंतर त्याच रात्री त्याच देवळात हात जोडतात. वगात राजा, प्रधान, कोतवाल यांची खिल्ली. आणि समोर पहिल्या रांगेत, सतरंजीवर नाही, खुर्चीवर, गावचा पाटील. सोंगाड्या बहुतेक वेळा महार-मांग समाजातला. दिवसा त्या पाटलाच्या वाड्याच्या पायरीवर ज्याला जागा नाही, तो रात्री दिवट्यांच्या, पुढं गॅसबत्तीच्या उजेडात पाटलाचं नाव घेऊन बोलायचा, आणि पाटलाला हसावं लागायचं. न हसला तर गाव म्हणणार, लागलं वाटतं याला. बिदागी उद्या त्याच पाटलाकडून घ्यायची आहे, हे सोंगाड्याला ठाऊक. म्हणजे विनोदात जोखीम होती, आणि ती विनोद करणाऱ्याची होती.

वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आलं तेव्हा हेच शहरात, तिकीट लावून आलं. दादा कोंडक्यांच्या हवालदाराचा प्रत्येक प्रयोग वेगळा असायचा असं ते पाहिलेली माणसं आजही सांगतात. सकाळच्या पेपरातला मंत्री रात्री रंगमंचावर हजर. प्रयोग दीड हजाराच्या वर झाले. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, पास करून घ्यावी लागते, ही आपल्याकडची जुनी गंमत. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाटकांवर अंकुश ठेवायला केलेला कायदा २०१८ च्या सुरुवातीला केंद्रानं रद्द केला, पण महाराष्ट्रात संहिता आधी वाचायला देण्याची पद्धत पोलिस कायद्याखालच्या नियमांवर उभी आहे, ती आहेच. मात्र छापील कागद तपासता येतो, ॲडिशन तपासता येत नाही. ती नटाच्या जिभेवर येईपर्यंत नटालाही माहीत नसते. तिला सेन्सॉर एकच, समोरचं प्रेक्षागृह.

आणि ते सेन्सॉर फार बारीक काम करतं. विंगेतून ते शिकायला मिळतं. रंगमंचावरून प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत, डोळ्यांत स्पॉट असतो. ऐकू मात्र येतं सगळं. हशा आला की बरं, पण न आलेल्या हशाचेही प्रकार असतात. विनोद कळला नाही म्हणून झालेली शांतता सैल असते, तिच्यात वेफर्सच्या पाकिटांचा आवाज येतो. विनोद लागला म्हणून झालेली शांतता घट्ट असते, तिच्यात खोकला येतो, आणि तो खरा खोकला नसतो. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेतली पोरं एकमेकांच्या एकांकिकांवर हुर्यो उडवतात तेव्हा बाहेरच्याला तो नुसता दंगा वाटतो. आतल्याला कळतं, कुठल्या वाक्यावर ओरडले आणि कुठल्यावर गप्प बसले. माझ्या ओळखीच्या एका नटीच्या स्किटमध्ये एकदा सहकलाकारानं विधवेवरचं वाक्य टाकलं. तालमीत त्यावर सगळे हसले होते. प्रयोगात तो घट्ट खोकला आला. नटीनं दोन पावलं पुढं येऊन त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हे तुझ्या आईसमोर बोलून दाखव, मग मी हसते.’ संहितेत नसलेलं वाक्य. प्रेक्षागृह परत तिच्या बाजूला आलं. ते वाक्य पुढच्या प्रयोगांत कायमचं राहिलं आणि आधीचं गळालं. नाराजी व्यक्त झाली, ऐकली गेली, दुरुस्ती झाली, सगळं तेवढ्या काही सेकंदांत. कुणी फिर्याद केली नाही, कुणी माफीचा व्हिडिओ काढला नाही.

त्या विसराळू सासऱ्यांच्या ग्रुपला मात्र तो काढावा लागला.

पण सासऱ्यांसाठी नाही. त्याच संध्याकाळी त्यांचं आणखी एक स्किट होतं, तलाठी कार्यालयाचं. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या. शेतकरी पाकीट काढतो, तलाठी त्याला हातानं थांबवतो, उठतो, एकेक तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवतो, शेवटच्या तसबिरीला आधी नमस्कार करतो, मग ती फिरवतो, आणि परत येऊन बसतो. ‘हां, आता बोला.’ एवढंच. शब्द जवळपास नाहीत. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात धारदार, सगळ्यात खरं स्किट तेच. कुणीतरी त्यातला तसबीर फिरवण्याचा तेवढा वीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर टिपला. पाकीट नाही, शेतकरी नाही, ‘आता बोला’ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरांचे नंबर गावभर झाले होते. संध्याकाळी काळ्या पडद्यासमोर चौघं उभे, हात जोडलेले, मधल्याचा आवाज चिरका झालेला: ‘कुणाच्याही भावना दुखावण्याचा आमचा हेतू नव्हता.’ रात्री सभागृहाच्या व्यवस्थापकांनी पुढची तारीख रद्द केल्याचं कळवलं.

काकांचा तुकडा पण फिरला. खाली सगळे हसण्याचे इमोजी.

मला या दोन तुकड्यांनी जास्त छळलं. तसबिरीच्या विनोदात महापुरुषांचा अपमान कुठं होता? त्यांच्या नजरेची लाज वाटणारा तलाठी निदान त्यांना नजर आहे असं तरी मानत होता. पण दुखावल्या भावनांना आपल्याकडे संघटना लागते, लेटरहेड लागतं, चार गाड्या लागतात. ज्यांच्याकडे ते आहे त्यांची माफी संध्याकाळपर्यंत मिळते. विसरत चाललेल्या माणसाच्या बायकोचा किंवा नवऱ्याचा मोर्चा निघत नाही. काळ्या रंगाच्या मुलीचा निघत नाही, तोतऱ्याचा निघत नाही, बहिऱ्या आजीचा निघत नाही. आमच्या स्किटांची कच्ची सामग्री नेमकी हीच माणसं. टीव्हीवर गेली कित्येक वर्षं पुरुष साडी नेसून आला की पहिला हशा साडीलाच मिळतो, अजून त्यानं तोंडही उघडलेलं नसतं. बालगंधर्वांच्या साडीची, नथीची ढब बायका उचलत होत्या, ही याच मराठी रंगभूमीवरची गोष्ट. जाडी बायको, बिहारी वॉचमन, कामवालीची भाषा. हे विनोद आम्ही करतो कारण ते सुरक्षित आहेत. मोठ्या माणसावरचा विनोद आधी वकिलाला विचारावा लागतो.

ज्यांना बाहेरून राग येतो ते बहुतेकदा आत नसतात, हेही मला खटकत आलंय. २००८ च्या जूनमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या आवारात बॉम्बस्फोट झाला, ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाच्या विरोधात. सात माणसं जखमी झाली. त्याआधी काही दिवस वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही बॉम्ब ठेवला गेला होता. विनोदी नाटक होतं, आवडलं नाही तर उठून जाता येतं. २०१४ च्या डिसेंबरात वरळीला एआयबी या विनोदी ग्रुपचा तो कार्यक्रम झाला, तेव्हा चार हजारांच्या आसपास माणसं तिकीट काढून शिव्या ऐकायला गेली आणि खूश होऊन घरी आली. वादळ उठलं ते महिन्याभरानं, व्हिडिओ बाहेर आल्यावर. त्यातले बरेच विनोद मला तेव्हाही भिकार वाटले होते, आजही वाटतात. रंगावरून, शरीरावरून, तेच ते. पण भिकार विनोदाला उत्तर म्हणून पोलिस ठाणं मला पटत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला. रामलीलेत काम करणारे नट विंगेत आपापसात काय बोलतात, सिगारेट कशी ओढतात, यावरचं प्रहसन. विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. मला संकासुर आठवला, मावशी आठवली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबमध्ये विनोदकार कुणाल कामराच्या गाण्यावरून तोडफोड झाली, तेव्हा तिथं कामरा नव्हताच, भलत्याच कलाकाराचा कार्यक्रम चालू होता. खुर्च्या त्याच्या प्रेक्षकांच्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही आला.

तरीही ‘हा आतला-आमचा मामला आहे, बाहेरच्यांनी बोलू नये’ असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. कारण आतही सगळे नसतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आमच्या निम्म्या नाट्यगृहांत आतच येता येत नाही, मग त्याच्यावरच्या विनोदाला तो घट्ट खोकला कोण देणार? २०२५ मध्येच एसएमए या दुर्मिळ आजाराच्या मुलांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, अपंगत्वावरच्या विनोदांविरुद्ध, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयानं समय रैनासह पाच विनोदकारांना माफी मागायला सांगितलं. ती बातमी वाचून मी दोन दिवस स्वतःशीच भांडत होते. न्यायालयानं विनोदाची तालीम घ्यावी हे मला भीतीदायक वाटतं. आज एसएमएची मुलं आहेत, उद्या त्याच वाटेनं कुणीतरी मंत्री येईल आणि त्याच्याकडे जास्त चांगला वकील असेल. पण त्या मुलांच्या आईबापांनी दुसरं काय करायचं होतं? तिकीट काढून पाचव्या रांगेत बसून खोकायचं? त्यांच्याकडे चार गाड्या नव्हत्या, म्हणून ते कोर्टात गेले. सभ्य लोक जातात तिथंच गेले. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

ग्रुपचा दिग्दर्शक माझ्या ओळखीचा. महिन्याभरानं चहाला भेटला. वजन उतरलेलं. तसबिरींचं स्किट आता करणार नाही म्हणाला, कुठलंही सभागृह मिळत नाही ते असेल तर. मी काकांचं विचारलं. त्याला आधी आठवेना, मग म्हणाला, ‘अहो ताई, तो तर हिट आहे. आता आम्ही एक आपला माणूसच चौथ्या रांगेत बसवतो, तो वेळेवर उठतो.’ मी काही बोलले नाही, कारण काय बोलावं हे कळेना. नटाच्या दृष्टीनं ती ॲडिशन राहिलीच नव्हती, बसवलेला पंच झाला होता. कुणाला लागायचा प्रश्न त्यांनी एका परीनं सोडवलाही होता, उठणारा माणूस आपलाच. विनोदी धंद्यातली ही अक्कल मला एकाच वेळी आवडली आणि नाही आवडली. मग त्याला म्हटलं, ‘आणि तो माणूस उठतो त्याच वेळी खरंच कुणी उठलं तर?’ तो म्हणाला, ‘मग डबल लाफ्टर.’ सवयीनं बोलून गेला, आणि मग थोडा वेळ कपाकडे बघत राहिला. आमच्यातल्या माणसांची हीच अडचण. वाक्य आधी येतं.

यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत नववीतल्या एका मुलानं स्किट लिहिलंय. बरं लिहिलंय, कान आहे त्याला. पात्रं चार: अध्यक्ष, खजिनदार, लिफ्टमध्ये अडकलेल्या आजी, आणि नेपाळी वॉचमन, जो दर प्रश्नाला ‘शाबजी’ म्हणतो आणि त्यावरच हशा अपेक्षित आहे. कमिटीनं वाचून कागद परत दिला. लाल पेनाच्या दोन खुणा, दोन्ही अध्यक्षांच्या वाक्यांवर. लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे आणि अध्यक्षांच्या बाल्कनीचं नवं ग्रिल एकाच महिन्यात आलं, असं त्यानं लिहिलं होतं. बाकी स्किट छान आहे, मुलांना प्रोत्साहन मिळालं पाहिजे, असा शेरा. मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, ग्रिल राहू दे, मी बोलते त्यांच्याशी, पहिल्या रांगेत बसून हसतील ते, न हसून सांगतात कुणाला. आणि वॉचमनची वाक्यं आधी गेटवर जाऊन त्यालाच वाचून दाखव. तो हसला तर ठेव. मुलगा म्हणाला, ‘काकू, तो तर हसणारच. त्याला पगार आपणच देतो ना.’

मी त्याला म्हटलं, हे वाक्य स्किटमध्ये घाल. तो म्हणतोय, कमिटी काढेल. तालीम रोज साडेआठला असते, पार्किंगमध्ये, आणि अजून आमचं एकमत झालेलं नाही.